सिनेमातलं सॉफ्टवेअर कधी हँग का होत नाही?

जुनाकीबोर्ड:

मंडळी, सध्या जुने साय-फाय सिनेमे परत बघायचा सपाटा लावलाय आणि एक प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना म्हणून इथे टाकतोय.

यंत्रांचे अंदाज या लोकांनी काय जबरी बांधलेत राव. '२००१: अ स्पेस ओडिसी' आला १९६८ ला, म्हणजे माणसाने चंद्रावर पाय ठेवायच्याही आधी, आणि त्यात दोघं अंतराळवीर जेवता जेवता टेबलावरच्या सपाट पाटीवर आपलीच मुलाखत बघत बसलेत. टॅबलेटच की तो. २०११ मध्ये आयपॅडच्या डिझाइनवरून अ‍ॅपल आणि सॅमसंगची जुंपली तेव्हा सॅमसंगने कोर्टात याच सीनचं चित्र पुढे केलं होतं की बघा, ही कल्पना काही तुमची नाही. (पाटीत अर्थात काहीही नव्हतं, खालून प्रोजेक्टरने फिल्म पाडली होती, पण दिसतं इतकं सफाईदार की आजही खरं वाटतं.) 'स्टार ट्रेक'मधला उघडझाप करणारा कम्युनिकेटर १९६६ चा, आणि तसा फटकन उघडणारा फोन लोकांच्या हातात यायला १९९६ उजाडलं. 'बॅक टू द फ्यूचर'च्या दुसऱ्या भागात १९८९ मध्ये बसून २०१५ दाखवलंय, त्यात भिंतीवरच्या टीव्हीवर व्हिडिओ कॉल आहे, अंगठा लावून टॅक्सीचे पैसे देणं आहे. फॅक्स मशीन पण घरभर आहेत ते सोडा.

पण सॉफ्टवेअर? तिथे सगळा आनंदीआनंद. कोणी कधी पासवर्ड विसरत नाही, ऐन लढाईत 'अपडेट इन्स्टॉल होतंय, कॉम्प्युटर बंद करू नका' येत नाही, परग्रहावरच्या यानाला आपला लॅपटॉप जोडला तर ड्रायव्हर सापडत नाही असं होत नाही, स्टोरेज भरत नाही, परमिशन मागत नाही. हिरो दोन बटणं दाबतो आणि पाहिजे तेच समोर येतं, ते पण थ्रीडी आणि निळं.

तर प्रश्न असा की हार्डवेअर इतकं बरोबर ओळखणाऱ्यांची सॉफ्टवेअरच्या बाबतीतच दांडी का उडते? आणि असा एखादा सिनेमा आहे का ज्यात सॉफ्टवेअर खरंच सॉफ्टवेअरसारखं वागतं?

खिडकीतोड:

माझं पोट यूआय डिझाइनवर, म्हणजे स्क्रीनवर काय कुठे दिसावं ते ठरवण्यावर चालतं, त्यामुळे मी जरा जास्तच बोलणार, आधीच सांगून ठेवतो.

मूळ भानगड ही आहे की सिनेमातला स्क्रीन समोर बसलेल्या पात्रासाठी नसतोच, तो थिएटरमधल्या माणसासाठी असतो. त्याला दीड-दोन सेकंदात कळलं पाहिजे की दार उघडलं का नाही, बॉम्ब थांबला का नाही. मग अक्षरं वीतभर, नकार आला की सगळा स्क्रीन लालभडक, आणि दर क्लिकला टिंग टिंग आवाज. असलं सॉफ्टवेअर दिवसभर वापरायला दिलं तर माणूस संध्याकाळी आवाज बंद करायचं सेटिंग शोधत बसेल. चांगल्या सॉफ्टवेअरचं लक्षण काय तर ते डोळ्यात येत नाही, आणि कॅमेऱ्याला तर डोळ्यात येणारंच काहीतरी पाहिजे. दोघांचं जमणार कसं?

आता 'मायनॉरिटी रिपोर्ट' घ्या (२००२). काळे हातमोजे घालून हवेत हात फिरवत काचेवरचे व्हिडिओ मागेपुढे सरकवणारा तो सीन. तो हवेतला मामला नव्हता बरं का, एमआयटी मीडिया लॅबमधल्या जॉन अंडरकॉफ्लरला सल्लागार म्हणून घेतलेलं, त्याने कुठल्या खुणेचा अर्थ काय याची पूर्ण भाषाच बसवून दिली होती आणि नंतर कंपनी काढून तसली सिस्टीम खरोखर बनवली पण. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या अशक्य असं काहीच नव्हतं. तरी आज आपण कोणी तसं काम करत नाही. का?

एक करून बघा. दोन्ही हात खांद्याच्या उंचीला समोर धरा आणि हवेत खिडक्या सरकवल्यासारखे हलवत रहा, दोन मिनिटं. पहिलं अर्धं मिनिट मजा येते. मग मान आणि खांदा जिथे जुळतात तिथे ओढ बसायला लागते, मग कोपरं आपोआप खाली यायला लागतात, आणि त्यानंतर गंमत अशी की बोट जिथे न्यायचंय त्याच्या चार अंगुळं खालीच जातं, म्हणजे थकव्याबरोबर अचूकपणाही गेला. उभ्या टचस्क्रीनवर काम करणाऱ्यांना हे १९८० च्या दशकातच कळून चुकलं होतं, गोरिला आर्म म्हणतात त्याला. अंगाच्या हालचालींवर गेम खेळवणारं मायक्रोसॉफ्टचं कायनेक्ट आलं २०१० च्या नोव्हेंबरात, केवढा गाजावाजा, आणि २०१७ ला उत्पादन बंद. नाचायला, उड्या मारायला मस्त होतं. पण हात हवेत धरून एक्सेल शीट कोण भरणार?

आणि त्या सीनमध्येच दोन गोष्टी अशा आहेत की त्या बघून मी दिग्दर्शकाला मनातल्या मनात सलाम ठोकला. एक म्हणजे हिरो कोणाशी तरी हात मिळवायला हात पुढे करतो आणि स्क्रीनवरच्या सगळ्या खिडक्या त्याबरोबर भसकन सरकतात, कारण सिस्टीमला काय माहीत की हा हात कामाचा आहे का नमस्कार-चमत्काराचा. नजरेवर किंवा हावभावावर चालणाऱ्या प्रत्येक इंटरफेसचं हेच दुखणं आहे, तुम्ही नुसतं बघितलंत की निवडलंत हे ओळखायचं कसं. अ‍ॅपलच्या डोळ्यांवर चढवायच्या व्हिजन प्रो (२०२४ चा फेब्रुवारी) मध्ये त्याची वाट अशी काढली की निशाणा डोळ्यांनी धरायचा आणि होकार मांडीवरच ठेवलेल्या हाताच्या दोन बोटांच्या चिमटीने द्यायचा. हात वर करायचाच नाही. दुसरी गंमत म्हणजे सन २०५४, हवेत चालणारा कॉम्प्युटर, आणि एका स्क्रीनवरची फाइल दुसऱ्यावर न्यायला माणूस हातात पारदर्शक काचेची चकती घेऊन चालत जातो. नेटवर्क नाही! पेनड्राइव्ह चालतो यांचा, तोही काचेचा.

जाता जाता, तुमचा '२००१' एप्रिल १९६८ चा ना? त्याच वर्षी ९ डिसेंबरला डग्लस एंगलबार्ट या अमेरिकन संशोधकाने माउस, हायपरलिंक, व्हिडिओ कॉल आणि दोघांनी मिळून एकच डॉक्युमेंट एडिट करणं हे सगळं एका दीड तासाच्या डेमोत खरंखुरं चालवून दाखवलं. आणि टिकला तो माउस. कारण त्यात मनगट टेबलावर टेकलेलं असतं, एवढं साधं कारण आहे.

चार्जर_कुठाय:

बॅटरी!!! कोणीच बोललं नाही अजून. अख्ख्या आकाशगंगेत कोणाचीच बॅटरी १४ टक्क्यांवर येत नाही. किंवा येते ती फक्त इंटरव्हलच्या आधी.

आणि जुकी (जुनाकीबोर्ड हो), स्टार ट्रेकचं कौतुक करताय तर त्याच्या पुढच्या मालिकेतले, नेक्स्ट जनरेशनमधले ते पॅड आठवा. कॅप्टनच्या टेबलावर टॅबलेटची चळत लागलेली असते, एका टॅबलेटवर एक रिपोर्ट, दुसरा रिपोर्ट वाचायचा तर दुसरा टॅबलेट उचला. हार्डवेअर बरोबर ओळखलं, पण फाइल नावाची गोष्ट हार्डवेअरपासून सुटी होते हे काही डोक्यात बसलं नाही. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे, वस्तूची कल्पना करता येते कारण ती आधीच्या वस्तूसारखी दिसते, कागदाऐवजी चकचकीत पाटी. सॉफ्टवेअरने सवयी बदलतात, आणि उद्याची सवय आज कशी कल्पायची?

त्या यानातले सपाट टचपॅनेल पण बजेट नव्हतं म्हणून झाले, खरी बटणं-खटके लावायला पैसे लागतात, काळ्या प्लास्टिकवर रंगीत पट्ट्या छापून मागून दिवा लावला की झालं. कंजूषपणातून आयपॅड निघाला म्हणा ना.

रूटयूजर:

सॉफ्टवेअर खरं वागतं असे सिनेमे आहेत, हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, पण आहेत.

माझ्या यादीत पहिला नंबर 'वॉरगेम्स' (१९८३). त्यातला पोरगा शाळेच्या कॉम्प्युटरमध्ये शिरून मार्क बदलतो, आणि तो पासवर्ड तोडतो कसा? तोडत नाहीच. शाळेच्या ऑफिसात जाऊन बसतो आणि तिथे कागदावर लिहून ठेवलेला पासवर्ड वाचून येतो. चाळीस वर्षं झाली, आजही निम्म्या ऑफिसांत मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला पिवळा कागद सापडेल. पुढे तो मॉडेमला एकेक फोन नंबर लावायला सांगून झोपतो, जिथे पलीकडून कॉम्प्युटरने शिट्टी मारली तो नंबर नोंदवायचा. हे खरोखर चालायचं आणि त्याला वॉर डायलिंग हे नाव याच सिनेमावरून पडलं. आणि मुख्य कॉम्प्युटरचा मागचा दरवाजा काय, तर ज्याने तो बनवला त्याच्या मुलाचं नाव. यात एक तरी गोष्ट खोटी आहे का सांगा.

याचा परिणाम पण बघा. रेगन अध्यक्ष होते, त्यांनी सिनेमा बघितला आणि पुढच्या काही दिवसांत लष्करप्रमुखांना विचारलं की असं खरंच होऊ शकतं का. ते चौकशी करून आले आणि म्हणाले प्रकरण तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा वाईट आहे. १९८४ मध्ये कॉम्प्युटर सुरक्षेवर राष्ट्राध्यक्षांच्या सहीचा आदेश निघाला तो या साखळीतून. एका पोराच्या सिनेमाने केलेलं काम आहे हे.

दुसरा 'मॅट्रिक्स'चा दुसरा भाग (२००३). सिनेमा म्हणून पहिल्याच्या पासंगालाही पुरत नाही, पण ट्रिनिटी वीजकेंद्राच्या सिस्टीममध्ये शिरते तो सीन थांबवून थांबवून बघा. ती एनमॅप (कुठले दरवाजे म्हणजे पोर्ट उघडे आहेत ते शोधणारं टूल) चालवते, उघडा पोर्ट सापडतो एसएसएचचा (लांबून दुसऱ्या कॉम्प्युटरवर काम करायची सोय), आणि मग एसएसएचच्या जुन्या व्हर्जनमधला सीआरसी-३२ वाला बग वापरून रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याचा, पासवर्ड बदलते. हा बग खरा आहे, २००१ मध्ये जाहीर झालेला. म्हणजे कोणीतरी सर्व्हर पॅच (दुरुस्तीचं अपडेट) केला नव्हता! जुकी, तुमचं 'अपडेट' हे बघा इथे आहे, फक्त ते केलेलं नाहीये, जे आणखीनच वास्तववादी झालं. सीन संपायला पाऊण मिनिट लागतं, ना गोल फिरणारे ठोकळे ना कवटीची चित्रं, काळ्या स्क्रीनवर हिरवी अक्षरं. आम्ही आजही तेच वापरतो.

उलट बाजूने 'जुरासिक पार्क' (१९९३). ती मुलगी स्क्रीनवर ठोकळ्यांच्या शहरावरून उडत उडत फाइल शोधते आणि युनिक्स (एक ऑपरेटिंग सिस्टीम) ओळखीचं असल्याचं सांगते, त्यावर इतकी वर्षं लोक हसतायत. पण तो प्रोग्रॅम खरा होता हो, एफएसएन नावाचा, सिलिकॉन ग्राफिक्सच्या मशीनवर चालणारा थ्रीडी फाइल मॅनेजर. आणि ती सिस्टीमही युनिक्सच. हसणाऱ्यांनाच माहीत नव्हतं. आता त्यातून फाइल शोधणं म्हणजे हेलिकॉप्टरमधून स्वतःची चप्पल शोधण्यातला प्रकार हे मान्य, म्हणूनच तो टिकला नाही.

टर्मिनेटरच्या (१९८४) डोळ्यांपुढून जो कोड सरकतो तो ६५०२ प्रोसेसरचा असेंब्ली कोड आहे, अ‍ॅपल टू या जुन्या घरगुती कॉम्प्युटरमधला प्रोसेसर. मासिकात छापून आलेला प्रोग्रॅम उचलून टाकलाय. भविष्यातून आलेला खुनी यंत्रमानव आणि आत आठ बिटचा प्रोसेसर. रॅम किती असेल बिचाऱ्याला.

जुनाकीबोर्ड:

वा रूट, ट्रिनिटीचा सीन मी कमीत कमी पाच-सहादा बघितलाय आणि कधी अक्षरं वाचली नव्हती. आज रात्री परत.

खिडकीतोड, तुमचं पटलं पण पूर्ण नाही. प्रेक्षकाला दोन सेकंदात कळायला पाहिजे म्हणून अक्षरं मोठी, ठीक. पण फोटो 'एन्हान्स' करण्याचं काय? ती सोय नव्हे, ती सरळ सरळ थाप आहे. धूसर सीसीटीव्हीतून गाडीच्या नंबरप्लेटवरचा स्क्रू दिसेपर्यंत झूम. आणि त्रास असा की आता फोनमध्ये एआय झूम आलाय तर लोक म्हणतात बघ, सिनेमात दाखवलेलं खरं झालं. झालंय का?

रॉफाइल:

नाही झालं. उलट जे झालंय ते जास्त बिकट आहे.

साधा हिशेब घ्या. सीसीटीव्हीत लांबवरचा चेहरा समजा १२ ठिपके रुंद आणि १६ ठिपके उंच आलाय. म्हणजे १९२ ठिपके, दर ठिपक्याला लाल-हिरवा-निळा मिळून ३ बाइट, एकूण ५७६ बाइट. त्यातही कॅमेऱ्याने जागा वाचवायला कॉम्प्रेस करून निम्मी बारीकसारीक माहिती आधीच फेकून दिलेली. आता या पाचशे बाइटांतून भुवईवरचा व्रण काढायचा म्हणजे तो आत असायला तर पाहिजे! असे लाखो वेगवेगळे चेहरे आहेत की जे लहान केल्यावर हेच १९२ ठिपके देतील. त्यातला खरा कुठला हे फोटो सांगूच शकत नाही.

मग फोन काय करतो? दोन अगदी वेगळ्या गोष्टी करतो आणि दोन्हीला जाहिरातीत एकच नाव देतो, तिथे सगळा घोळ आहे. पहिली प्रामाणिक आहे. तुम्ही एकदा बटण दाबता पण तो पटापट बरेच फोटो काढतो, आणि हाताच्या कंपामुळे प्रत्येक फोटो ठिपक्याच्या काही अंशाने सरकलेला असतो. म्हणजे दर फोटोत जराशी वेगळी, खरी माहिती आली. ते एकावर एक बसवले की खरोखर जास्त तपशील मिळतो. गूगलच्या पिक्सेल ३ फोनमध्ये २०१८ ला हे आलं आणि त्यातला सगळ्यात डोकेबाज भाग असा की फोन ट्रायपॉडवर असेल आणि हात हलतच नसेल तर तो आतली लेन्स मुद्दाम किंचित हलवतो. ज्या थरथरीला फोटोग्राफर आयुष्यभर शिव्या देतो तिच्यातूनच तपशील काढला. हे मला कुठल्याही साय-फायपेक्षा भारी वाटतं, पण सिनेमात दाखवता येणार नाही, दाखवणार काय, लेन्स हलली?

दुसरी म्हणजे अंदाजपंचे. एआय मॉडेलने लाखो चेहरे बघितलेत, त्यामुळे धूसर ठिपके दिले की तो 'साधारण असा असेल' म्हणून चेहरा रंगवून देतो. सुबक, धारदार आणि कदाचित भलत्याच माणसाचा. २०२० मध्ये असल्या एका मॉडेलला ओबामांचा ठिपक्याठिपक्यांचा फोटो दिला तर त्याने एका गोऱ्या माणसाचा चेहरा काढून दिला, आणि मूळ ठिपके बघितलेत तर कोणीही माणूस क्षणात ओळखेल की हे ओबामा आहेत. २०२३ मध्ये एकाने चंद्राचा फोटो मुद्दाम धूसर करून मॉनिटरवर लावला आणि लांबून एका नामांकित फोनने त्याचा फोटो काढला, फोनने त्यावर खड्डे काढून दिले. जे मॉनिटरवर नव्हतेच. चंद्राच्या बाबतीत चालेल एक वेळ, तो आपल्याला कायम तीच बाजू दाखवतो. आरोपीच्या चेहऱ्याचं काय?

'ब्लेड रनर'मधला (१९८२) तो सीन यातलाच, हिरो साध्या कागदी फोटोत झूम करत करत आरशातून दुसऱ्या खोलीत काय आहे ते बघतो. सगळं तोंडी हुकूम देऊन. आणि शेवटी काय करतो, तर प्रिंट काढतो. त्या जगात उडत्या गाड्या आहेत पण फोटो खिशात न्यायला कागदच लागतो. तरी तो सीन मला प्रचंड आवडतो हे पण सांगून टाकतो, कारण त्याला ते सापडायला वेळ लागतो, मागे जा, थांब, डावीकडे, असं करत चाचपडत जातो. शोधणं तसंच असतं.

तिरपीकक्षा:

मी जरा उशिरा आले. जुकी, तुम्हाला सिनेमात सॉफ्टवेअर अपडेट पाहिजे ना, 'द मार्शियन' (२०१५) मध्ये आहे की.

मंगळावर एकटा अडकलेला माणूस १९९७ साली उतरलेलं पाथफाइंडर यान शोधून काढतो. त्याचा कॅमेरा पृथ्वीवरून फिरवता येतो, बास, ना आवाज ना कीबोर्ड. मग गोल पाट्या मांडून कॅमेरा कुठल्या पाटीकडे वळतो त्यावरून अक्षर ओळखायचं ठरतं. २६ अक्षरांच्या पाट्या मांडल्या तर दोन पाट्यांत जेमतेम १४ अंश, कॅमेरा नक्की कुठे बघतोय कळणार नाही. म्हणून तो १६ पाट्या मांडतो, हेक्साडेसिमल (सोळा अंकांची मोजणी), दोन पाट्यांत साडेबावीस अंश, आणि दोन दोन आकडे जोडून आस्की कोडने (प्रत्येक अक्षराला ठरलेला आकडा) अक्षर. अशी संपर्काची सोय झाल्यावर नासावाले त्याला पहिलं काम सांगतात ते रोव्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये हाताने बाइट बदलायचं, म्हणजे पुढे टाइप करून बोलता येईल. हा पॅच आहे! कॅमेऱ्याच्या मानेने डिक्टेट केलेला पॅच. आणि मधे प्रत्येक वेळी वाट बघायची, कारण मंगळापर्यंत रेडिओ संदेश एका बाजूने जायलाच अंतराप्रमाणे तीन ते बावीस मिनिटं लागतात. (सुरुवातीचं वादळ मात्र साफ खोटं. मंगळावरची हवा पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही विरळ, तिथलं जोरदार वादळसुद्धा अंगाला झुळूक वाटेल. मूळ लेखकानेही हे मान्य केलंय.)

बाकी 'ग्रॅव्हिटी'बद्दल मला बोलायला लावू नका. त्यात हबल दुर्बिणीपासून स्पेस स्टेशनपर्यंत जेटपॅकने जातात. पण हबल आणि स्पेस स्टेशनच्या कक्षांच्या तिरपेपणात २३ अंशांचा फरक आहे, तेवढी कक्षा वळवायलाच सेकंदाला ३ किलोमीटर वेग बदलावा लागतो, आणि नासाने १९८४ मध्ये उडवलेल्या खऱ्या जेटपॅकची ताकद होती सेकंदाला २५ मीटरच्या आसपास. झालं माझं.

आणि तुमचा टॅबलेटवाला सीन परत नीट ऐका. मुलाखत घेणारा सांगतो की यान इतकं लांब आहे की आमचे शब्द पोचायला सात मिनिटं लागतात आणि मधला तो वेळ आम्ही कापून टाकलाय. १९६८! नंतरच्या कित्येक सिनेमांत लोक ताऱ्याताऱ्यांतून फोनवर गप्पा मारतात, याने लेटन्सी, म्हणजे संदेश पोचायला लागणारा वेळ, दाखवली, आणि ती लपवणारं एडिटिंगही कथेतच दाखवलं.

माझं मत विचाराल तर साय-फायमधलं सगळ्यात उत्तम सॉफ्टवेअर पडद्यावर नसतंच, पडद्यामागे असतं. 'इंटरस्टेलर'साठी (२०१४) भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्नने समीकरणं दिली आणि ग्राफिक्सवाल्यांनी कृष्णविवराजवळून वाकून येणाऱ्या प्रकाशाचा हिशेब करणारा नवा रेंडरर (चित्र तयार करणारा प्रोग्रॅम) लिहिला, काही फ्रेम तर शंभर तास खायच्या. त्यावर २०१५ मध्ये भौतिकशास्त्राच्या जर्नलमध्ये पेपर आला. त्यात लिहिलंय की खरं तर कृष्णविवराभोवती फिरणाऱ्या तप्त वायूच्या तबकडीची एक बाजू जास्त उजळ आणि दुसरी अंधारी दिसायला हवी, कारण एक बाजू आपल्याकडे येतेय आणि दुसरी लांब जातेय, पण सिनेमात ते मुद्दाम काढलं, प्रेक्षक गोंधळतील म्हणून. मग २०१९ च्या एप्रिलमध्ये एम८७ या आकाशगंगेतल्या कृष्णविवराचा पहिला खरा फोटो आला आणि तो एका बाजूला उजळ. खिडकीतोड, तुमचा 'प्रेक्षकासाठी स्क्रीन' मुद्दा कृष्णविवरालाही लागू होतो बघा.

चूकभूल:

सगळ्यांचं वाचलं, पण हत्ती खोलीभर पसरलाय आणि कोणी बघत नाहीये. '२००१' बद्दल इतकं बोलताय आणि हॅल, ते यान चालवणारा बोलका कॉम्प्युटर?

जुकी म्हणतात सॉफ्टवेअर कधी बिघडत नाही. अहो त्या सिनेमाची गोष्टच बिघडलेल्या सॉफ्टवेअरची आहे! आपल्याला फक्त तो लाल डोळा आणि त्याने केलेले खून आठवतात, पण त्याच्या आधी काय होतं ते बघा. हॅल थंड आवाजात सांगतो की अँटेनाचा एई-३५ नावाचा भाग ७२ तासांत शंभर टक्के बंद पडणार. माणसं यानाबाहेर जाऊन जीव धोक्यात घालून तो काढून आणतात, तपासतात, आणि त्यात काहीच बिघाड नाही. पृथ्वीवरचा तसाच दुसरा कॉम्प्युटर म्हणतो हॅल चुकला. हॅलला विचारलं तर तो म्हणतो चूक माणसाचीच असणार, आमच्या मालिकेचं रेकॉर्ड स्वच्छ आहे.

पूर्ण खात्री, सभ्य भाषा, आणि उत्तर चूक. आठवलं ना काही? आत्ता चॅटबॉटला विचारा, नसलेल्या फंक्शनचं नाव इतक्या विश्वासाने देतो की आपणच डॉक्युमेंटेशन परत उघडून बघतो. बाकी सिनेमांतला एआय एक तर देव असतो नाही तर राक्षस, कधी निव्वळ चुकत नाही. हॅल निव्वळ चुकतो. मला तरी त्या खुनांपेक्षा हा भाग जास्त घाबरवतो.

अजून एक. हॅल एका अंतराळवीराशी बुद्धिबळ खेळतो तो डाव खरा आहे, १९१० साली हॅम्बुर्गला खेळला गेलेला. शेवटी हॅल मात कशी होणार ते तोंडी सांगतो, आणि त्यात वजिराच्या घराचा आकडा चुकलाय, सहावं पाहिजे तिथे तिसरं म्हणतो. दिग्दर्शक स्वतः बुद्धिबळाचा पक्का खेळाडू, त्यामुळे ही चूक मुद्दाम ठेवली का राहून गेली यावर लोक अजून भांडतात. मला त्याच्याशी देणंघेणं नाही. समोरचा माणूस पटाकडे नजर टाकतो, मान डोलावतो आणि डाव सोडतो. तपासत नाही.

चार्जर_कुठाय:

आयला. तपासत नाही हे खरं. मी पण कोड तसाच पेस्ट करतो.

खिडकीतोड:

हॅल सहज विश्वास बसेल असा दिसतो, त्यालाही कारण डिझाइनच आहे. एकच दिवा, एकच आवाज, कुठेही 'माझी खात्री ६० टक्के' असं दाखवायची जागाच नाही. आजच्या चॅटच्या खिडकीतही नाही. बरोबर उत्तर आणि बनवलेलं उत्तर दोन्ही एकाच फाँटमध्ये येतात. पण चूकभूल, तिथे तो दुसरा कॉम्प्युटर होता ना, एक म्हणतो बिघाड आहे, दुसरा म्हणतो नाही. मग दुसऱ्यावर तरी विश्वास का ठेवायचा?

तिरपीकक्षा:

ठेवायचा नाहीच. दोन असले तर फक्त भांडण आहे एवढं कळतं, कोण बरोबर ते कळत नाही, त्याला निदान तीन लागतात. आणि तिन्हीवर एकच सॉफ्टवेअर असेल तर तिन्ही एकमताने चुकू शकतात, ही वेगळीच पंचाईत.

स्पेस शटलमध्ये म्हणून पाच कॉम्प्युटर होते. चारांवर एकच सॉफ्टवेअर, ते आपसात उत्तरं पडताळून बघायचे, आणि पाचव्यावर वेगळ्या कंपनीकडून वेगळं लिहून घेतलेलं बॅकअप, म्हणजे पहिल्यांची चूक त्यात उतरू नये. आता ऐका. पहिलंच उड्डाण, १० एप्रिल १९८१, दोघं आत बांधून बसलेत, आणि उड्डाणाला वीसेक मिनिटं असताना पाचवा कॉम्प्युटर बाकी चारांशी जुळेना. इंजिनं ठीक, इंधन ठीक, हवामान ठीक. सॉफ्टवेअर अडकलं. त्या दिवशीचं उड्डाण रद्द. कारण सापडलं ते असं की पहिला कॉम्प्युटर चालू करताना घड्याळाचा ठोका एका ठरावीक अंतराने चुकला तर पुढे बॅकअप कधीच जुळत नाही, आणि असं व्हायची शक्यता होती ६७ मध्ये १. इतक्या चाचण्यांत कोणाच्या नजरेत भरलं नाही आणि नेमकं त्या दिवशी ते एक आलं. उपाय काय केला? सगळं परत चालू केलं. १२ तारखेला उडालं.

जुकी, असा सिनेमा कोणी काढला तर मी पहिल्या शोला जाईन. तास-दीड तास नुसती माणसं कागदांवर मेमरी डंप (कॉम्प्युटरच्या मेमरीतला सगळा मजकूर) वाचतायत, आणि मागे थांबलेलं काउंटडाउन. ते काउंटडाउन तेवढं सिनेमाचं देणं आहे बरं का, रॉकेटसाठी उलटे आकडे मोजायची पद्धत फ्रिट्झ लांगच्या १९२९ च्या चंद्रावरच्या मूकपटातली, सरळ मोजलं तर उडणार कधी ते प्रेक्षकाला कळेना म्हणून.